जवळचा मुक्काम : प्रस्तावना

सह्याद्रीची मुख्य धार पुण्याच्या पश्चिमेस उत्तर-दक्षिण गेलेली असून तिच्यापासून पूर्वेकडे फुटलेल्या रांगांच्या दरम्यान इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, वेळवंडी, गुंजवणी आणि नीरा या नद्यांची खोरी पसरलेली आहेत. या जुन्या मावळ मुलखाचा इतिहास ज्यांनी सिद्ध केला त्यांचे, आणि येथील गड पायी धुंडाळून मराठी वाचकाला ज्यांनी त्यांची ओढ लावली त्या गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गयात्रींचे ऋण मान्य करूनच प्रस्तुत पुस्तक लिहिले आहे. परंतु गडांचे दरवाजे, वाटा आणि बखरी यांविषयी आपल्याकडे जेवढे लेखन झाले, त्या मानाने रात्री पाठ कोठे टेकावी, पाणी कोठे भरावे आणि कोणाला विचारून तंबू ठोकावा, या प्रश्नांकडे फार थोडे लक्ष गेले; आणि शहरातून प्रथमच बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला किंवा विद्यार्थ्यांच्या मेळ्याला अडते ते नेमके याच प्रश्नांपाशी.

पुस्तकाची मर्यादा आरंभीच सांगितलेली बरी. शनिवारी दुपारी घर सोडून सूर्यास्तापूर्वी जेथे पोहोचता येते आणि रविवारी दिवेलागणीच्या आत जेथून परत येता येते, एवढ्याच टापूतील जागांचा येथे विचार केला आहे. हिमालयातील तळ किंवा कोकणचा किनारा यांचे आकर्षण मला ठाऊक आहे. तरीही जवळच्याच जागांचा आग्रह मी धरतो, याचे कारण सोयीपेक्षा अधिक खोल आहे. दूरच्या स्थळी मनुष्य आयुष्यात एकदा जातो आणि त्या एका रात्रीच्या हवामानावरून त्या स्थळाविषयीचे आपले मत कायम करून येतो. जवळच्या जागेवर तो श्रावणात जातो, मार्गशीर्षात जातो, चैत्रात जातो. एका ऋतूत भरून वाहणारा ओढा दुसऱ्या ऋतूत गोट्यांची रांग होऊन पडलेला पाहतो. पहाटे धुके कोणत्या बाजूने चढते, वारा रात्री कोणत्या प्रहरी पडतो, गुरे कोणत्या वाटेने पाण्यावर उतरतात, हे त्याला हळूहळू कळू लागते. मुक्कामाची उत्तम जागा अशा परिचयातूनच हाती येते, आणि तो परिचय घरापासून जवळ असलेल्या भूमीशीच होऊ शकतो, हे या पुस्तकाचे प्रतिपाद्य आहे.

जागेच्या परीक्षेत पहिला मान पाण्याचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांचे जे प्रकरण आहे, त्यात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, ते नसेल आणि स्थळ बांधणे अवश्यच असेल तर खडक फोडून टाकी करावीत, आणि एका झऱ्यावर विसंबून न राहता राखीव साठा करून ठेवावा, असा उपदेश केलेला आहे. शेकडो माणसांच्या शिबंदीसाठी दिलेला हा सल्ला चार माणसांच्या एका रात्रीला जसाच्या तसा लागू पडतो. त्यामागील भूशास्त्र समजून घेतले तर डोंगराकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून हा काळा पाषाण तयार झाला. त्यातील कठीण थरांचे उभे कडे राहिले आणि मऊ थर झिजून त्यांच्या पायथ्याशी सपाट टप्पे पडले. वरच्या थराच्या भेगांतून मुरलेले पावसाचे पाणी खाली उतरता उतरता एखाद्या अभेद्य थरावर, पुष्कळदा दोन थरांमधील तांबड्या मातीच्या पट्ट्यावर, अडते आणि त्या सांध्यातून आडवे वाहत कड्याच्या पोटात झिरपते. म्हणून ज्याला पाणी शोधायचे असेल त्याने माथ्यावर भटकत न बसता कड्याच्या बुडाशी, जेथे उन्हाळ्यातही शेवाळ ओले आणि झाडी दाट दिसते अशा रेषेत पाहावे. गडांवरील बहुतेक जिवंत टाकी अशाच सांध्यांवर खोदलेली आढळतात; प्राचीन पाथरवटांनी हे ज्ञान कोठे लिहून ठेवले नाही, पण प्रत्येक टाक्याच्या स्थानात ते नोंदलेले आहे.

तथापि टाके दिसले म्हणजे पाणी मिळाले, असे समजू नये. काही टाकी केवळ पावसाच्या साठ्याची असतात आणि फाल्गुन संपता संपता त्यांचे पाणी हिरवे होते. काहींत गाळ साचलेला असतो. काही एवढी खोल आणि निसरड्या काठाची असतात की दोर व भांडे यांवाचून त्यांतले पाणी हाती लागत नाही. राजगडाच्या पद्मावती माचीवर तळे आहे, देऊळ आहे, टाकी आहेत, आणि म्हणूनच कित्येक पिढ्यांच्या यात्रिकांनी तेथे रात्री काढल्या. पण त्या माचीवरसुद्धा पिण्याचे पाणी कोणते आणि केवळ पाहण्याचे कोणते, हे गुंजवण्यात किंवा पालीत चौकशी करून मगच चढणे शहाणपणाचे. पाणी उकळावे, आणि चढताना निम्मे पाणी पाठीवर असावे, हा माझा नियम आहे.

मुक्कामाची जागा निवडण्याची विद्या आपल्या देशात नवी आहे, असा एक समज शहरात रूढ झाला आहे. पाठीवर तंबू घेऊन हिंडणे ही पाश्चात्त्यांची हौस असून आपण ती उसनी आणली, असे सुशिक्षित लोकही म्हणताना आढळतात. ज्या समाजात दरवर्षी आषाढात लक्षावधी माणसे आळंदीहून आणि देहूहून पंढरीस पायी जातात, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद असे ठरलेले मुक्काम करतात, आणि दिंडीचा तळ पडण्यापूर्वी पुढे गेलेल्या मंडळींच्या राहुट्या उभ्या असतात, त्या समाजाला तळ कसा टाकावा हे कोणी शिकवायला हवे काय? आणि दिवाळीच्या सुमारास कोरड्या पठारी मुलखातून कळप घेऊन निघणारा, घाट उतरून कोकणात जाणारा आणि पावसाळ्यापूर्वी परतणारा मेंढपाळ धनगर तर अर्धे वर्ष उघड्यावरच संसार करतो. त्याचा वाडा जेथे उतरतो ती जागा अभ्यासावी. शेतकऱ्याच्या संमतीशिवाय तो रानात कळप बसवत नाही, कारण मेंढ्यांच्या लेंडीखताच्या मोबदल्यात मिळणारे धान्य किंवा रोकड हाच त्याचा व्यवहार असतो. पाणी जवळ पण पाणवठ्यापासून हटून, झाडीपासून दूर आणि वाऱ्याला पाठ देऊन त्याची बिऱ्हाडे लागतात. मावळच्या पठारांवरील धनगरपाड्यांत आजही बारमाही झऱ्यांची जी खडानखडा माहिती मिळते, ती कोणत्याही नकाशात मिळणार नाही. या पुस्तकातील पाण्याविषयीच्या नोंदींचा फार मोठा भाग अशा वृद्ध स्त्रीपुरुषांच्या सांगण्यावर आधारलेला आहे.

असे असले तरी नकाशाची उपेक्षा मात्र करू नये. भारतीय सर्वेक्षण विभागाची एकास पन्नास हजार प्रमाणाची पत्रके ज्याला वाचता येतात, त्याला घरी बसून निम्मी पाहणी उरकता येते. समोच्च रेषा जेथे एकमेकींना चिकटलेल्या असतात तेथे कडा असतो. दोन दाट पट्ट्यांच्या मध्ये त्या एकाएकी विरळ होतात तेथे स्थानिक लोक ज्याला पदर म्हणतात तो झाडीचा सपाट टप्पा असतो. आणि अशा पदरावर एखादे देऊळ, जुनी पायवाट व निळ्या रंगाने भरलेले तळे यांची खूण एकत्र आली, तर ती जागा प्रत्यक्ष जाऊन पाहण्यास योग्य समजावी. निळा रंग पाण्याच्या टिकाऊपणाचा निदर्शक असतो, कोरडे ओढे काळ्या रेषेने दाखवलेले असतात, एवढा भेद जरी ध्यानात ठेवला तरी पुष्कळ निराशा टळते. मात्र पत्रक कितीही विश्वसनीय असले तरी रात्रीच्या मुक्कामापूर्वी एकदा दिवसा, रिकाम्या हाताने जाऊन जागा पाहून येणे मी आवश्यक मानतो. जवळच्या जागेचा हा मोठाच लाभ आहे : तिची आगाऊ पाहणी करता येते.

प्रत्यक्ष जागेवर पोहोचल्यानंतर ज्या गोष्टी पाहावयाच्या, त्यांत थंडी आणि वारा यांचा विचार शहरी मनुष्य सहसा उलटा करतो. दरीच्या तळाशी, ओढ्याकाठच्या हिरवळीवर आडोसा असतो म्हणून तेथे ऊब असेल, अशी त्याची कल्पना असते. वस्तुतः पौष-माघातल्या निरभ्र, निवांत रात्री उतारावरील हवा थंड होऊन जड होते आणि हळूहळू खाली सरकत खोऱ्याच्या तळाशी साचते. पहाटे तंबूचे कापड दवाने निथळते आणि पांघरुणे ओलसर होतात. तळापासून थोड्याच उंचीवरील टप्पा त्या मानाने पुष्कळ उबदार असतो. याच्या उलट अगदी धारेवर, विशेषतः कोकणाकडे तुटलेल्या पश्चिमेच्या कड्यालगत, खालून चढणारा वारा रात्रभर तंबू झोडपत राहतो; हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर किंवा नाणेघाटाच्या माथ्यावर ज्यांनी तो अनुभवला आहे त्यांना अधिक सांगणे नको. म्हणून माथा आणि तळ ही दोन्ही टोके वर्ज्य करून मधला, पूर्वेकडे उघडा असलेला टप्पा शोधावा. सकाळचे ऊन लवकर मिळते, दव लवकर वाळते आणि निघण्याची तयारी वेळेवर होते.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात वाळू मऊ असते, जमीन सपाट असते, आणि तेथे झोपण्याचा मोह अनावर होतो. हा मोह जिवावर बेतणारा आहे. चैत्र-वैशाखातील वळवाचा पाऊस आपल्या डोक्यावर न पडता वरच्या डोंगरात पडतो आणि लोंढा मात्र आपल्यापर्यंत येतो. त्याची सूचना देणारा आवाज कानी पडेपर्यंत पळण्यास अवधी उरत नाही. याच दिवसांत विजांचेही भय असते, तेव्हा उघडा माथा, एकाकी वृक्ष आणि धार यांपासून दूर राहावे. आंब्याच्या किंवा वडाच्या जुनाट फांदीखाली तंबू लावण्यापूर्वी फांदी वठलेली नाही ना, हे मान वर करून पाहावे. कड्याला आग्या मोहोळ लटकलेले दिसले तर त्या कड्याखाली चूल पेटवू नये, गलका करू नये, आणि शक्य तो मुक्कामच हलवावा. मण्यारीविषयी थोडे स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून उघड्या सतरंजीवर झोपण्यापेक्षा तळ शिवलेला व दार पूर्ण बंद होणारा तंबू केव्हाही श्रेयस्कर. दंशाचा नुसता संशय आला तरी मांत्रिक, चिरा, दोरी यांत वेळ न दवडता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर उपयुक्त अशी प्रतिविषाची लस उपलब्ध आहे, आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग दिवसाउजेडी पाहून ठेवणे हाही जागेच्या निवडीचाच भाग होय.

आता मालकीचा प्रश्न. जेथे कुंपण नाही तेथे मालक नाही, अशी एक सोयीस्कर समजूत शहरातून येणाऱ्या मंडळींत बोकाळलेली आहे. मावळातील प्रत्येक वीतभर जमिनीला धनी आहे. भाताची खाचरे खाजगी मिळकतीची; माळ बहुधा गायरानाचा; झाडीचे उतार वनखात्याचे; देवराई गावदेवाची. दिवाळीनंतर भात कापून झाले की खाचर सपाट, कोरडे आणि बांधांनी वेढलेले असे उरते, आणि तंबूसाठी त्याहून चांगली जमीन क्वचितच मिळते. पण त्यात वाल किंवा हरभरा पेरलेला असू शकतो, तो बीजावस्थेत दिसत नाही, आणि म्हणून धन्याला विचारल्यावाचून त्यात पाऊल टाकणे म्हणजे त्याच्या पिकावर पाऊल टाकणे होय. वनखात्याच्या हद्दीत परवान्यावाचून राहता येत नाही. हरिश्चंद्रगड, रतनगड आणि कळसूबाई यांचा परिसर १९८६ सालापासून अभयारण्य म्हणून घोषित आहे. राजगड आणि लोहगड यांचा तर २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झालेला आहे. अशा ठिकाणी मुक्कामाला मनाई असेल तर ती मुकाट्याने पाळावी आणि पायथ्याच्या गावी, कोणाच्या पडवीत, योग्य मोबदला देऊन झोपावे. राजमाचीच्या श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांखाली वसलेल्या उधेवाडीत घरोघरी असा पाहुणचार मिळतो, आणि पाऊस लागण्यापूर्वीच्या दिवसांत काजव्यांनी लखलखणारी झाडे पाहण्यासाठी गडावरच निजले पाहिजे असे मुळीच नाही.

धरणांच्या काठांविषयी मला जे वाटते ते लपवण्याचे कारण नाही. मुळशी, भाटघर, पानशेत, वरसगाव, पवना यांच्या जलाशयांच्या कडेला आज तंबूंचे जे दाट पुंजके दिसतात, ध्वनिक्षेपकांचा जो कर्कश गोंगाट रात्री पाण्यावरून दूरवर पसरतो, त्याला मुक्काम म्हणावयास माझी जीभ वळत नाही. जेथे शेजाऱ्याचा कंदील डोळ्यांत आणि त्याचे गाणे कानात शिरते, तेथे जाण्यासाठी शहर सोडण्याची आवश्यकताच नव्हती. शिवाय ते काठ कोणाचे, हे विसरता येत नाही. मुळशीच्या पाण्याखाली गेलेल्या शेतांसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, तुरुंगवास सोसला, आणि तरीही धरण झाले. भाटघर जलाशयात कांबरे गावाजवळचे महादेवाचे मंदिर वर्षाचा बहुतेक काळ बुडालेले असते आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की उघडे पडते. अशा काठावर उतरणाऱ्याने आवाज खाली ठेवावा, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये. व्यवहाराच्या दृष्टीनेही हे काठ फसवे आहेत : पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा गाळ वरून वाळलेला आणि आत दलदलीचा असतो, आणि काठाशी उथळ वाटणारे पाणी जुन्या नदीपात्राच्या कडेला एकाएकी खोल होते. रात्री त्यात उतरू नये.

अग्नीविषयी लिहिताना छत्रपती शिवाजीमहाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्राचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा बेफिकिरीने उडवू नये, गवताच्या गंजीलगत चुली पेटवू नयेत, रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेतील आणि सारी छावणी भस्म होईल, रयतेला काडीचाही उपद्रव न देता लागेल ते बाजारातून दाम मोजून आणावे, असा त्याचा आशय आहे. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत विचार करतो, ही गोष्ट मला नेहमी विस्मयकारक वाटत आली आहे. माघ ते वैशाख या काळात मावळचे डोंगर वाळलेल्या गवताने पिवळे पडलेले असतात आणि एका ठिणगीने रात्रीत सबंध सोंड जळून जाते. त्यात पक्ष्यांची घरटी जातात, रोपे जातात आणि गावाची वैरण जाते. म्हणून या महिन्यांत उघडी शेकोटी सर्वथा निषिद्ध समजावी. स्वयंपाक बंद चुलीवर, खडकावर, पाण्याची बादली हाताशी ठेवून करावा. इतर ऋतूंतही सरपण गावातून विकत घ्यावे. उभ्या झाडाला कोयता लावू नये.

काही जागा मला ठाऊक असूनही या पुस्तकात मी घातलेल्या नाहीत, आणि त्याचे कारण वाचकाला सांगणे उचित आहे. जांभ्याच्या सड्यांवर मातीचा थर बोटभरही नसतो, आणि त्याच थरावर पावसाळ्याअखेर रानफुलांचे ते अपूर्व गालिचे उमलतात. २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटात ज्याची गणना होते ते कासचे पठार सर्वांना परिचित आहे, पण तशी लहान पठारे आणखीही आहेत. तेथे एका रात्रीचा तंबू म्हणजे तेवढ्या जागेवरील पुढील वर्षाच्या बहराचा नाश. देवरायाही मी गाळल्या आहेत. ज्या वनातील वाळकी काडी उचलायला गावकरी भितात, त्या वनात आपण चूल मांडणे कोणत्याही सबबीखाली समर्थनीय ठरणार नाही.

पुढील प्रकरणांत खोऱ्यांच्या अनुक्रमाने जागा दिल्या असून प्रत्येक ठिकाणी पायथ्याचे गाव, चढाईचा अंदाज, पाणी, जमिनीची मालकी आणि जवळचे रुग्णालय यांची नोंद केली आहे. तंबू, पिशव्या आणि चुली यांच्या बाजारी तपशिलात मी शिरलो नाही. त्या वस्तू दरवर्षी बदलतात. झरे, वाटा आणि नियम हेही बदलतात, मात्र त्यांची गती निराळी असते. एखादे टाके आटलेले आढळले, एखादी वाट दरडीने मोडली, एखाद्या गडावर मुक्कामबंदीचा नवा हुकूम निघाला किंवा येथे दिलेल्या जागेच्या धन्याने पुढे नकार दिला, तर वाचकांनी ती हकीकत महिना आणि वर्ष घालून प्रकाशकांकडे अवश्य कळवावी. पुढील आवृत्तीत ती दुरुस्ती केली जाईल, आणि जी जागा गावाला नकोशी झाली असेल ती पुस्तकातून काढून टाकली जाईल.